वणवा लागला की लावला? गावाकडच्या आगींचं वेळापत्रक कसं वाचायचं

मार्च उजाडला की जिल्हा पानांवर त्याच तीन बातम्या आलटून पालटून दिसतात. डोंगर पेटला. वणवा बागेत शिरून काजूची कलमं होरपळली. शॉर्टसर्किटने ऊस जळाला. चौथी बातमी ऑक्टोबरात येते, सोयाबीनच्या गंजीला आग. बातमीचं शेवटचं वाक्यही ठरलेलं: ‘आगीचं नेमकं कारण समजू शकलं नाही’, नाहीतर ‘अज्ञात इसमाने आग लावल्याचा संशय’.

एकेकटी आग पाहिली तर कारण सापडत नाही, हे बऱ्याचदा खरं असतं. पण एखाद्या तालुक्यातल्या काही वर्षांच्या आगी तारीख, वेळ आणि जागा लिहून शेजारी शेजारी मांडल्या की कारणं आपोआप वेगळी होऊ लागतात. बांधावरून सुटलेली आग आणि विजेच्या तारेने लावलेली आग एका वेळी, एका जागी, एकाच हंगामात लागत नाहीत. ‘कोणी लावली?’ या प्रश्नाआधी ‘केव्हा, कुठे आणि तिथे त्या दिवशी काय काम चाललं होतं?’ हे विचारलं, तर उत्तराच्या बरंच जवळ जाता येतं.

## पेटायला लागतं काय

वाळलेलं इंधन, हवा आणि ठिणगी. हवा सगळीकडे आहे, म्हणून प्रश्न उरतो इंधनाचा आणि ठिणगीचा. इथे इंधन म्हणजे गवत, पालापाचोळा, पाचट (उसाची वाळलेली पानं), कडबा. अशा बारीक इंधनातला ओलावा हवेप्रमाणे तास-दोन तासांत बदलतो. सकाळी सातला दवाने ओलसर असलेलं गवत काडी लावूनही नीट धरत नाही. तेच दुपारी दोनला भडकतं. हवेतली आर्द्रता २०-२२ टक्क्यांच्या खाली गेली की टाकलेली बिडीसुद्धा सुकं गवत पेटवू शकते. त्याहून दमट हवेत तीच बिडी बहुतेक वेळा नुसती विझून जाते. म्हणून सकाळी लागलेल्या आगीचं खापर बिडीवर फोडलेलं दिसलं की थोडं थांबावं.

दुसरी गोष्ट चढाची. आग वर चढताना तिची ज्वाळा पुढच्या गवताला आधीच भाजून कोरडं करते. दर १० अंश चढाला आगीचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ठोकताळा आहे. पायथ्याच्या शेतात सुटलेली आग माथ्यावर बघता बघता पोचते आणि माथ्यावर लागलेली खाली रेंगाळत येते, ते यामुळे.

महाराष्ट्रात आगीची दोन वेगळी कॅलेंडरं आहेत. सह्याद्रीच्या उतारावर इंधन म्हणजे गवत. ते दिवाळीनंतर पिवळं पडतं, त्यामुळे तिथे डिसेंबरपासूनच डोंगर पेटलेले दिसतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पानगळीच्या जंगलांत इंधन म्हणजे पाचोळा. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो जमिनीवर साचतो आणि मार्च-एप्रिलमध्ये आगी टोकाला जातात. वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. विदर्भाला ही तारीख चपखल बसते. सह्याद्रीला ती उशिराची आहे.

## ‘चुकून’ आणि ‘मुद्दाम’ यांच्या मधला मोठा पट्टा

बातमीत दोनच रकाने असतात, अपघात किंवा घातपात. गावाकडच्या बहुतेक आगी यांतल्या एकाही रकान्यात बसत नाहीत. त्या मुद्दाम लावलेल्या असतात, पण पसराव्यात म्हणून नव्हे. कामासाठी काडी लावली, काम झालं, माणूस घरी गेला आणि आग मागे राहिली.

बांध पेटवणं हे याचं सगळ्यात सरसकट उदाहरण. एप्रिल-मे महिन्यांत खरिपाची तयारी करताना बांधावरचं गवत, तुरीची धसकटं, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्या) पेटवल्या जातात. दुपारी वारा फिरतो आणि शेजाऱ्याचा गोठा किंवा आंब्याची बाग जाते.

कोकणात आणि घाटावरच्या भातपट्ट्यात राब भाजतात. रोपवाटिकेच्या जागेवर शेण, टहाळ, पाचोळा, गवत यांचे थर रचून वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट्या दिशेने पेटवतात. वरची माती ही शोभा नाही. तिच्यामुळे राब धुमसत जळतो आणि निखारे उडत नाहीत. माती टाकायचा कंटाळा केला, किंवा राबाभोवतीचं गवत खरवडून काढलं नाही, की तोच राब वणव्याचं तोंड होतो.

पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. पाचोळ्यातून फुलं वेचणं जिकिरीचं, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करतात. पहाटे वेचणीला यायचं म्हणून आदल्या संध्याकाळी आग लावली जाते आणि ती रात्रभर आपल्या वाटेने चालत राहते. तेंदूपत्त्याचं गणित वेगळं: आगीनंतर तेंदूच्या झुडपाला मुळातून नवे फुटवे येतात, पान कोवळं आणि मोठं मिळतं. म्हणून पत्त्याच्या तोडणीआधी जंगलाला काडी लावली जाते. इथे मात्र आग पसरावी अशीच अपेक्षा असते, तरी हेतू नुकसानीचा नसतो.

कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेत आगीबाबत निष्काळजीपणा कलम २८७ खाली येतो आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे. नुकसानीच्या हेतूने आग लावणं कलम ३२६ खाली येतं. शेतमालाला लावलेल्या आगीसाठी सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. राखीव जंगलात १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम २६ लागू होतं. तिथे जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं किंवा जळती ठेवून जाणं एवढंच गुन्ह्याला पुरेसं आहे. ‘माझा तसा हेतू नव्हता’ हा बचाव तिथे फारसा चालत नाही.

## कोणती आग कधी, कुठे

उसापासून सुरुवात करू, कारण तिथे दोन आगी एकसारख्या दिसतात आणि त्यांच्यातला फरक लाखोंचा असतो. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) उघड्या तारेला रस्ता सोडून इतरत्र जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे १५ फूट, उंची लागते. वाढलेला ऊस बारा-तेरा फुटांवर जातो. तार लोंबकळली की उरलेलं अंतर संपतं. वाऱ्यात दोन तारा एकमेकींना लागल्या की वितळलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे थेंब खाली पडतात. अशी आग तारेच्या बरोबर खाली सुरू होते, वारा असताना लागते, आणि वीजपुरवठा चालू असतानाच लागू शकते. शेतीचा पुरवठा पाळीने मिळतो. म्हणजे आगीच्या वेळी त्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून तिथे येणाऱ्या वीजवाहिनीवर, पुरवठा होता का, हे तपासलं की निम्मा प्रश्न सुटतो. उपकेंद्राच्या नोंदवहीत फीडर ट्रिप झाल्याची, म्हणजे आपोआप बंद पडल्याची, वेळ लिहिलेली असते. जमिनीवर ज्वारीच्या दाण्याएवढे धातूचे मणी आणि तारेवर खड्डे सापडले, तर पुरावा भक्कम होतो.

दुसरी उसाची आग हंगामाच्या शेवटी येते. कारखान्याकडून तोड, म्हणजे तोडणीची पाळी, मिळत नाही, मजूर पाचटातून शिरायला तयार नाहीत, ऊस वाळत चाललाय. जळलेल्या उसातली साखर झपाट्याने घटते, म्हणून तो कारखान्याला लवकर न्यावा लागतो. मग उसाचा फड पेटवून तोड मिळवली जाते आणि कारखान्याच्या कपातीवर समाधान मानलं जातं. या आगीला सरळ कडा असतात, ती एकाच फडापुरती राहते, बहुधा वारा पडल्यावर लागते आणि जवळपास तार असेलच असं नाही. या आगीमागे दुष्मनी नसते, तोडीचं कोलमडलेलं वेळापत्रक असतं. तरीही ती कागदावर ‘शॉर्टसर्किट’ म्हणूनच जाते, आणि त्यामुळे खऱ्या शॉर्टसर्किटवाल्याकडेही संशयाने पाहिलं जातं.

सोयाबीनची गंजी हा खोडसाळ आगीचा ठळक नमुना. कापणी झालेली, मळणी यंत्राची वाट पाहत असलेली, शेतात एकटी, वर्षाची कमाई एका ढिगात. अशी आग रात्री लागते, कडेने लागते आणि पंधरा मिनिटांत पूर्ण गंजी घेते. पण ‘गंजी आपोआपही पेटते’ हेही खोटं नाही, विशेषतः ओल्या चाऱ्याच्या मोठ्या गंजीत. चाऱ्यात २० टक्क्यांहून अधिक ओलावा राहिला तर सूक्ष्मजीवांमुळे आत उष्णता तयार होते. ७० अंशांपुढे मामला धोक्याचा. हे रचल्यानंतर सहसा पहिल्या सहा आठवड्यांत घडतं. फरक ओळखायची खूण म्हणजे आपोआप पेटलेली गंजी काही दिवस आधीपासून सांगत असते: वाफ येते, करपलेल्या साखरेसारखा वास येतो, आणि उलगडल्यावर मध्यभाग काळा आणि कडा शाबूत दिसतात. लावलेल्या गंजीत उलटं असतं. संशय असेल तर लोखंडी सळई पंधरा-वीस मिनिटं आत खुपसून ठेवावी आणि बाहेर काढून सावधपणे हात लावावा. धरवत नसेल तर धोका आहे. अशी गंजी घाईने ओढून उघडू नये, कारण हवा मिळताच ती भडकते. आधी पाणी हाताशी, मगच हात घालायचा.

रस्त्याकडेच्या आगींचा ठसा वेगळा. एकाच दिवशी, एकाच रस्त्याला, थोड्या थोड्या अंतरावर चार-पाच ठिकाणी सुरुवात झाली असेल, तर तो बहुधा अपघात नव्हे. एखादं वाहन अधूनमधून ठिणग्या टाकत गेल्याची शक्यता उरते, पण मग ठिकाणं एकाच बाजूला आणि बहुधा चढावर सापडतात. एकाच जागी त्याच आठवड्यात पुन्हा आग लागली, तर लावणारा जवळपास राहणारा किंवा रोज तिथून जाणारा आहे असं समजून गस्त घालावी. मुद्दाम लावलेल्या आगींना थोड्या दिवसांत, थोड्या परिसरात एकापाठोपाठ लागायची खोड असते.

## जळालेली जमीन काय सांगते

आग जिथे सुरू झाली तिथे सगळ्यात जास्त जळालेलं असेल, असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात उलट असतं. सुरुवातीला आग लहान आणि मंद असते, म्हणून सुरुवातीच्या जागी अर्धवट जळालेल्या काड्या सापडतात. आग वाऱ्यावर स्वार झाली की पुढे सगळं पांढऱ्या राखेत जातं. त्यामुळे शोध घेताना जास्त जळालेल्या भागाकडून कमी जळालेल्या भागाकडे, बाहेरून आत, सावकाश यायचं.

खाली बसून पाहिलं तर आणखी कळतं. वाऱ्याविरुद्ध सरकणारी मंद आग गवताची काडी बुडाशी, आगीच्या बाजूने आधी जाळते, आणि काडी त्याच बाजूला आडवी पडते. म्हणजे अशा भागात न जळालेले तुरे आग जिकडून आली तिकडे बोट दाखवतात. दगडाच्या आगीकडच्या बाजूला काजळी असते, आडोशाच्या बाजूला शेवाळ तसंच हिरवं राहतं. एका खुणेवर विसंबायचं नाही. दहा खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच पुढे जायचं.

पण या खुणा फार नाजूक असतात. बघ्यांच्या पायांनी, पाण्याच्या टँकरने आणि दुसऱ्या दिवशी सोडलेल्या गुरांनी त्या पुसल्या जातात. आग विझल्यावर संशयित जागेभोवती चार काठ्या रोवून दोरी बांधली आणि पंचनामा होईपर्यंत कोणाला आत जाऊ दिलं नाही, तर तलाठी, पोलीस किंवा विद्युत निरीक्षकाला निदान पाहण्यासारखं काही उरतं.

## ‘यंदा वणवे दुप्पट’ हा आकडा कुठून येतो

उपग्रहातून. देहरादूनचं भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वनविभागाला आगीची सूचना देतं. आता ती मोबाइलवर येते, आणि सामान्य माणसालाही नोंदणी करून मिळवता येते. सुओमी एनपीपी आणि त्याच्या भावंड उपग्रहांवरचा कॅमेरा ३७५ मीटरच्या चौकोनांत उष्णता मोजतो. चौकोन भोवतालापेक्षा फार तापलेला दिसला की नकाशावर ठिपका उमटतो.

हा उपग्रह म्हणजे दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास खिडकीतून एकदा डोकावून जाणारा शेजारी. त्याने पाहिलं ते खरं, पण त्याने पाहिलं नाही ते घडलंच नाही असं नव्हे. चारला लागून सातला विझलेली गवताची आग त्याच्या हिशोबात येतच नाही. उलट दोन दिवस चाललेला एकच वणवा पंचवीस ठिपके देऊ शकतो. ठिपका म्हणजे अख्खा चौकोन जळाला असंही नाही. वीटभट्टीही ठिपका होऊन बसते. जुना कॅमेरा १ किलोमीटरचा होता. त्याचे आकडे आणि नव्याचे आकडे शेजारी ठेवून ‘वणवे वाढले’ म्हणणं निव्वळ चूक. तुलना करायची तर त्याच उपग्रहाची, त्याच महिन्यांची करावी.

ठिपक्यावरून आग कोणी लावली हेही कळत नाही. मात्र रात्रीचा ठिपका गावापासून लांब, आत जंगलात असेल, तर ती बहुधा संध्याकाळी कडेला लावून सोडलेली आग असते. सकाळी त्या जागेपासून सुरुवातीच्या दिशेने चालत गेलं की मोहाचं झाड किंवा पायवाट भेटते.

## नेहमीच्या शंका

‘बांबू घासून वणवा लागतो.’ ही समजूत जुनी आणि सोयीची आहे, कारण बांबूला कोणी पकडत नाही. आपल्याकडे कोरड्या हंगामात विजा कमी पडतात आणि पडतात तेव्हा बहुधा सोबत पाऊस असतो. त्यामुळे निसर्गाने लावलेला वणवा महाराष्ट्रात अपवादच. ‘फुटक्या बाटलीने ऊन एकवटून आग लागली’ हेही ऐकायला छान, पण बाटलीचा तुकडा भिंगासारखा नेमका बसणं फार दुर्मीळ.

‘जाळल्यावर गवत चांगलं येतं.’ हिरवा कोंब लवकर दिसतो, हे खरं. वाळलेलं आच्छादन गेलं की मुळातल्या ओलीवर फुटवा वर येतो, आणि काळ्या जमिनीवर तो उठून दिसतो. पण नत्र धुरात उडून जातं, आणि राखेतलं पालाश उतारावरून पहिल्या पावसात वाहून जातं. दरवर्षी जाळलेल्या रानात गुरांना आवडणारं गवत मागे हटतं आणि आगीला सरावलेलं कुसळी गवत पुढे सरकतं. तेंदूच्या बाबतीत मात्र आगीचा फायदा खरा आहे. म्हणूनच तिथे नुसता उपदेश चालत नाही, झुडपांच्या छाटणीची मजुरी द्यावी लागते. मोहासाठी झाडाखाली जाळी पसरली की पाचोळा जाळायची गरजच उरत नाही.

‘पाचट जाळल्याशिवाय खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांवरचं पुढचं पीक) कसा धरणार?’ हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते सरीत दाबून त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धन टाकायचं, ही कृषी विद्यापीठाची शिफारस. युरिया वगळला की पाचट कुजायला महिने घेतं आणि ‘हे जमत नाही’ म्हणून पुढच्या वर्षी काडी लागते.

‘शिक्षा कडक करा, सगळं थांबेल.’ वन अधिनियमाच्या कलम २६ मध्ये आणखी एक तरतूद आहे: राखीव जंगलात हेतुपुरस्सर किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर शासन त्या भागातले चराईचे आणि वनोपजाचे हक्क काही काळ स्थगित करू शकतं. शिक्षा एकाला होण्याऐवजी गावाला होणार असेल, तर गाव गप्प बसतं. धूर दिसला तरी फोन जात नाही. माझ्या मते मधल्या पट्ट्यातल्या आगींना दंडापेक्षा पर्यायाचा उपयोग जास्त होतो. खोडसाळ आगींना मात्र गस्त आणि खटलाच हवा.

## काडी लावायचीच असेल तर

सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, वारा पडलेला असताना. बांधाच्या चारी बाजूंनी दहा-बारा फुटांचा पट्टा खरवडून मातीपर्यंत मोकळा करायचा. पाण्याचे दोन पिंप, हिरव्या डहाळ्या घेतलेली तीन-चार माणसं. पेटवायचं वारा जिकडे वाहतोय त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू मागे सरकते. एका वेळी छोटा तुकडा. विझल्यावर राख परतवून तळहात जवळ न्यायचा. ऊब लागली तर अजून पाणी. बहुतेक आगी पेटवताना नव्हे, घरी गेल्यानंतर सुटतात. जंगल लागून असेल तर वनरक्षकाला आधी सांगायचं.

जंगलाच्या कडेला जाळरेषा असते, म्हणजे आग ओलांडू नये म्हणून गवत-पाचोळा काढून आणि आधीच नियंत्रित जाळून मोकळा केलेला पट्टा. तो रस्त्याच्या आणि शेताच्या कडेने आधी व्हायला हवा, कारण सुरुवात तिथेच होते. पानगळ चालू असेपर्यंत जाळरेषा एकदा साफ करून भागत नाही. आठवड्याला ब्लोअर फिरवावा लागतो, नाहीतर पट्ट्यावर नवा पाचोळा पडून आगीला पूल मिळतो.

धूर दिसला तर वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६, वस्तीजवळ असेल तर ११२ किंवा १०१. विझवायला गेलात तर आगीच्या वरच्या चढावर कधीही उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूने शिरा, परतीची वाट तिथेच ठेवा. टेरिकॉट-नायलॉनचे कपडे नकोत. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात आग विझवताना तीन वनमजूर गेले. जंगल रोज पायाखाली घालणारी माणसं होती ती.

ग्रामपंचायतीने एक साधी वही ठेवावी. तारीख, धूर पहिल्यांदा दिसला ती वेळ, गट क्रमांक, रस्ता, तार किंवा बांधापासूनचं अंतर, वाऱ्याची दिशा, आणि त्या दिवशी तिथे चाललेलं काम. संशयिताच्या नावाचा रकाना ठेवू नये. तो दिसला की बाकीचे रकानेही कोणी भरत नाही. सह्याद्रीतल्या गावांनी ही वही १५ फेब्रुवारीची वाट न पाहता दिवाळीनंतर लगेच उघडावी.